विश्लेषण : गोळी नळीतून सुटली, पण लक्ष्यापर्यंत पोहोचलीच नाही! वेगवान रायफलीतील ‘पीळ’ इतका महत्त्वाचा का?

अमेरिकेत प्रेअरी डॉग आणि कायोटीसारख्या उपद्रवी प्राण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अतिवेगवान रायफलींमध्ये नळीच्या आतील आट्यांचा पीळ किती असावा, यावरचा वाद सत्तर वर्षांहून जुना आहे. याच पिळाच्या चुकीच्या निवडीने एक उत्तम काडतूस बाजारातून बाद झाले होते. आता शिसेविरहित गोळ्यांमुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

रायफल नवी, दुर्बीण महागडी, नेम धरणारा अनुभवी. शंभर यार्डांवर कागदी लक्ष्य लावलेले. चाप ओढला, आवाज झाला, पण कागदावर भोकच नाही. मध्येच कुठेतरी हवेत राखाडी धुराची एक रेघ तेवढी दिसली. गोळी स्वतःच्याच फिरण्याने फुटली आणि तिचा भुगा झाला.

दुसऱ्या एखाद्या रायफलीत नेमके उलटे घडते. कागदावर भोक पडते, पण ते गोल नसून लांबट असते, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे. म्हणजे गोळी टोकाने न जाता कोलांट्या खात आडवी जाऊन आदळली. या दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे नळीचा पीळ आणि गोळी यांचे न जुळलेले गणित.

पीळ म्हणजे नेमके काय?

रायफलीच्या नळीच्या आत स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात. गोळी या आट्यांत घट्ट बसून पुढे सरकते आणि सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. पूर्ण एक फेरा घ्यायला जितके इंच लागतात, तितका त्या नळीचा पीळ. चौदा इंचांत एक फेरा असेल तर १:१४, आठ इंचांत असेल तर १:८. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट, हे नवख्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही आणि दुकानात गोंधळ होतो.

फिरणे कशासाठी, तर भोवरा ज्या कारणाने उभा राहतो त्याच कारणासाठी. जाळीचा झटका कमी पडला की भोवरा डुगडुगतो आणि आडवा होतो. लांबट गोळीचेही तसेच. हवेचा दाब तिचे टोक सतत उलटवू पाहतो आणि फिरण्याचा जोर तिला सरळ ठेवतो.

फिरण्याचा वेग मात्र भोवऱ्याच्या कल्पनेपलीकडचा आहे. सेकंदाला ३,७०० फूट, म्हणजे सुमारे १,१२८ मीटर वेगाने सुटलेली गोळी १:१४ पिळाच्या नळीतून निघाली तर मिनिटाला जवळपास १ लाख ९० हजार फेरे घेत असते. तीच गोळी १:८ पिळाच्या नळीतून त्याच वेगाने निघाली तर ३ लाख ३३ हजार. घरातला मिक्सर पूर्ण वेगावर मिनिटाला साधारण अठरा-वीस हजार फेरे घेतो. फेरे पावणेदोन पट झाले की गोळीला आतून फाडू पाहणारा ताण तिप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेत दिसलेल्या त्या राखाडी रेघेचे स्पष्टीकरण हेच.

हे प्राणी कोणते आणि रायफल इतकी वेगवान का?

इंग्रजीत अशा प्राण्यांना ‘वार्मिंट’ म्हणतात. पिकांचे, कुरणांचे किंवा जनावरांचे नुकसान करणारे प्राणी असा त्याचा ढोबळ अर्थ. अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांत, साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना अशा राज्यांत, प्रेअरी डॉग हा त्यांतला मुख्य. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला, जेमतेम किलोभर वजनाचा, जमिनीत बिळे करून वसाहतीने राहणारा प्राणी. भुंकल्यासारखा आवाज काढतो म्हणून हे नाव पडले. मागच्या पायांवर उभा राहिला तरी त्याची रुंदी माणसाच्या पंजाएवढीच. तो दोनशे-तीनशे यार्डांवर, कधी त्याहून दूर असतो आणि मैदानात वारा सतत वाहत असतो.

म्हणून सपाट मार्गाने जाणारी, हलकी आणि अतिवेगवान गोळी. विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये आणलेले .२२० स्विफ्ट हे सेकंदाला ४,००० फुटांचा टप्पा ओलांडणारे पहिले कारखानी काडतूस मानले जाते. त्याच काळात हौशी कारागीर .२५० सॅव्हेज या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड अरुंद करून त्यात .२२ ची गोळी बसवत होते. ते घरगुती काडतूस इतके लोकप्रिय झाले, की रेमिंग्टनने १९६५ मध्ये ते .२२-२५० या नावाने अधिकृतपणे बाजारात आणले. आजही या कामासाठी पहिले नाव बहुतेकदा त्याचेच निघते. २००४ मध्ये आलेले .२०४ रुगर हे याच घराण्यातले धाकटे.

वेगाचा आणखी एक उपयोग आहे, तो शिकारीच्या चर्चेत मागे पडतो. पातळ आवरणाची हलकी गोळी जमिनीला लागताच फुटून जाते, ठिकरी उडून दूर जात नाही. रँचवर गुरे चरत असतात, घरे असतात. त्यामुळे जमीनमालकाच्या दृष्टीने ही गोष्ट नेमाइतकीच महत्त्वाची ठरते.

या गोळ्यांचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. मराठी वाचकाला हे माप परके वाटेल, पण आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे .२२-२५० मधली नेहमीची ५५ ग्रेनची गोळी तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वजनाची, साधारण साडेतीन ग्रॅमची.

वजन महत्त्वाचे की लांबी?

रायफल विकणारे आणि घेणारे दोघेही वजनाची भाषा बोलतात : ‘ही नळी ५५ ग्रेनपर्यंत चालेल, ती ७५ पर्यंत.’ पण पिळाला वजनाशी थेट देणेघेणे नाही. त्याला लागते ती लांबी. व्यास तोच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते, म्हणून वजनाचा हिशेब बहुतेकदा जमून जातो, इतकेच.

ब्रिटिश गणितज्ञ सर आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्याला १५० ने गुणायचे आणि लांबीने भागायचे. उत्तर येते तो इंचांतला पीळ. वेगवान गोळ्यांसाठी १५० ऐवजी १८० घेण्याचा प्रघात आहे. .२२-२५० च्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.२२४ इंच. गोळी ०.७ इंच लांब असेल तर उत्तर सुमारे १३ इंच येते, एक इंच लांब असेल तर ९. अवघ्या सात-आठ मिलिमीटरच्या फरकाने नळीच बदलावी लागते.

हे सूत्र तोफखान्याच्या काळातले आणि शिशाच्या गोळ्या गृहीत धरणारे. आता डॉन मिलर यांनी २००५ मध्ये मांडलेला नियम अधिक वापरला जातो. त्यात वेग, तापमान आणि हवेचा दाबही धरतात आणि उत्तर ‘स्थिरतेचा अंक’ म्हणून मिळते. एकच्या खाली गोळी कोलांट्या खाते. १.४ ते १.५ असेल तर निर्धास्त.

मिलरच्या गणितातून निघणारी एक गोष्ट हातांनी काडतुसे भरणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पीळ दहा टक्क्यांनी घट्ट केला तर स्थिरता वीस टक्क्यांहून जास्त वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर जेमतेम तीन टक्के. म्हणजे गोळी डुगडुगत असेल तर दारू वाढवून तो दोष जात नाही. दाब मात्र धोक्याच्या पातळीवर जातो.

१९५५ मध्ये काय घडले?

त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळजवळ एकाच ताकदीची दोन काडतुसे आणली. विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४. दोन्हींतली गोळी एकाच व्यासाची. रेमिंग्टनचा अंदाज होता, की लोक हे काडतूस उपद्रवी प्राण्यांसाठीच घेतील, मग हलक्या गोळीला साजेसा १:१२ पीळ पुरेल. विंचेस्टरने १:१० ठेवला आणि सोबत १०० ग्रेनची गोळीही दिली.

अमेरिकन गिऱ्हाइकाने आपला हिशेब केला. एका रायफलीत उन्हाळ्यात प्रेअरी डॉग आणि हिवाळ्यात हरीण, दोन्ही होणार असतील तर दुसरी का घ्यायची? रेमिंग्टनची नळी १०० ग्रेनच्या लांब टोकदार गोळीला नीट सांभाळू शकत नाही, हा बोभाटा झाला. ९० ग्रेनची गोळी हरणाला पुरेशी होती, पण ते ऐकायला कोणी थांबले नाही. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ १:९ करून तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नव्या नावाने पुन्हा आणले. तोवर बाजार .२४३ चा झाला होता, तो आजतागायत त्याचाच आहे. काडतुसात खोट नव्हती. नळीतल्या दोन इंचांच्या फरकाने ते मागे पडले.

लष्करालाही हाच धडा मिळाला. एम-१६ रायफलीच्या सुरुवातीच्या नळ्यांचा पीळ १:१४ होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि दाट हवेत गोळी उलटण्याची शक्यता वाढते. थंड हवेतील चाचण्यांत नेम बिघडल्याचे दिसले आणि १९६३ मध्ये पीळ १:१२ करण्यात आला. १९८० च्या दशकात लांब गोळ्या आल्या तेव्हा तो थेट १:७ वर गेला. हाच न्याय शिकाऱ्यालाही लागू होतो. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरजवळ विरळ हवेत जुलैमध्ये छान चालणारी जोडी जानेवारीत सखल प्रदेशात अचानक लांबट भोके पाडू लागते आणि मालक दुर्बिणीला दोष देत बसतो.

मग घट्टच पीळ का घेऊ नये?

अनेक दशके .२२-२५० च्या कारखानी रायफली १:१४ पिळाच्याच मिळत. आता १:९ आणि १:८ च्या नळ्या सर्रास दिसतात. कारण वारा. लांब, निमुळती, ७५-८० ग्रेनची गोळी सुरुवातीला कमी वेगाने निघते, पण वाटेत वेग टिकवून ठेवते आणि चारशे यार्डांवर वाऱ्याने बरीच कमी ढळते. २०१८ मध्ये फेडरल कंपनीने आणलेले .२२४ व्हॅल्किरी हे काडतूस तर अशाच लांब गोळ्यांसाठी १:७ पीळ धरून बेतलेले होते.

घट्ट पिळाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे फुटणाऱ्या गोळ्या. प्रेअरी डॉगसाठी बनवलेल्या काही गोळ्यांचे तांब्याचे आवरण मुद्दाम कागदासारखे पातळ ठेवलेले असते आणि त्यांना किती वेगापर्यंत वापरावे हे उत्पादक सांगतो. ती मर्यादा पाळली तरी १:८ च्या नळीत त्या टिकतीलच असे नाही. नळी झिजून आतून खडबडीत झाली असेल तर आवरण आधीच ओरखडलेले असते आणि गोळी हवेत फुटण्याची शक्यता आणखी वाढते. दुसरी किंमत सूक्ष्म आहे. कोणत्याही गोळीचा गुरुत्वमध्य अगदी मधोमध नसतो आणि फेरे जितके जास्त तितकी ती खोट नेमात जास्त उमटते. म्हणूनच टेबलावर रायफल ठेवून कागदावर सर्वांत लहान गट काढणारे स्पर्धक आजही गरजेपुरताच, शक्य तितका सैल पीळ घेतात. मात्र अलीकडच्या गोळ्या इतक्या नेटक्या बनतात, की शेतात उभ्या असलेल्या माणसाला हा फरक जाणवणे अवघड आहे.

त्यामुळे निर्णय वापरावर ठरतो. चाळीस ते पंचावन्न ग्रेनच्या गोळ्या, तीनशे यार्डांच्या आतले प्रेअरी डॉग, एवढेच करायचे असेल तर १:१४ किंवा १:१२ ची जुनी रायफल बदलण्याचे कारण नाही. वाऱ्यात लांबवर कायोटी मारायचा असेल तर १:९ किंवा १:८ हवा आणि मग हलकी गोळी निवडताना थोडी जाड आवरणाची घ्यावी. नवीच नळी बसवणाऱ्याने शंका आल्यास घट्ट बाजूला झुकावे. घट्ट पिळाला साजेशी हलकी गोळी शोधता येते, पण सैल पिळात लांब गोळी कोणत्याही उपायाने सरळ जात नाही.

काडतुसे घरी भरण्यामागे काय हेतू?

काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि गोळी दाबायची. दिवसाला शे-दोनशे बार उडवणाऱ्याला यात पैसे वाचतात, पण मुख्य हेतू वेगळा असतो. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा असतो आणि काडतूस त्या नळीच्या मापाने बेतता येते.

या छंदाचे या शिकारीशी नाते जुने आहे. आरसीबीएस ही काडतूस भरण्याची साधने बनवणारी नामांकित कंपनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, तेव्हा युद्धामुळे गोळ्यांचा तुटवडा होता. वापरलेल्या .२२ च्या पुंगळ्यांपासून गोळीची आवरणे तयार करण्याचे साचे फ्रेड हंटिंग्टन यांनी बनवले. कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरे ‘रॉक चक’ची, म्हणजे डोंगराळ भागातल्या मार्मोट या उपद्रवी प्राण्याची. एच-३८० या दारूच्या नावाचीही अशीच कथा आहे. ब्रूस हॉजडन यांना .२२-२५० मध्ये ५२ ग्रेनच्या गोळीमागे या दारूचे ३८.० ग्रेन आवडले, तेच नाव झाले. हा इतिहास आहे, कृती नव्हे. आज काडतूस भरणाऱ्याने दारू, गोळी आणि पुंगळी यांच्या नेमक्या जोडीसाठी चालू आवृत्तीचे छापील कोष्टकच पाहायचे असते.

कोष्टकात सुरुवातीचे आणि कमाल, असे दोन आकडे असतात. खालच्या आकड्यापासून सुरू करून अगदी थोडे थोडे वाढवत जायचे आणि प्रत्येक पायरीला तीन-पाच बार उडवून गट पाहायचा, ही पद्धत. दाब वाढल्याची लक्षणे रायफल स्वतः दाखवते. प्रायमर सपाट होतो, बोल्ट उचलताना जड लागतो, पुंगळीच्या बुडावर चकाकता ओरखडा उमटतो. यांतले एक जरी दिसले तरी तिथेच थांबायचे असते. उत्तम नेम बहुधा कमाल वेगाच्या थोडा खालीच सापडतो. तरीही पेटीवर छापलेल्या वेगाच्या मोहात माणसे शेवटच्या पायरीपर्यंत जातात.

दोन धोके हमखास दुर्लक्षिले जातात. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण पिस्तुलाची जलद जळणारी दारू चुकून रायफलीच्या पुंगळीत गेली तर रायफल तोंडापुढेच फुटू शकते. दुसरा धोका उन्हाचा. काही दारूंचा दाब तापमानासोबत लक्षणीय वाढतो. जानेवारीत गारठ्यात जेमतेम बसवलेले काडतूस जुलैत गाडीच्या काचेमागे तापले आणि तापलेल्या नळीत काही क्षण राहिले, तर त्याचा दाब पहिल्यासारखा राहत नाही.

नळीही कायमची नसते. इतकी दारू इतक्या लहान तोंडातून जाते, की आट्यांची सुरुवात जळून जळून पुढे सरकत राहते. .२२० स्विफ्टची बदनामी यामुळेच झाली. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत बार थांबत नाहीत, म्हणून जाणकार दोन-तीन रायफली आलटून पालटून वापरतात. नळी हाताला चटका देऊ लागली की ती बाजूला ठेवतात.

शिशाचा प्रश्न यात कुठून आला?

मैदानात मारलेले प्रेअरी डॉग बहुतेकदा तिथेच पडून राहतात आणि गरुड, ससाणे, कोल्हे ते खातात. अतिवेगवान गोळी फुटते तेव्हा शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डोर गिधाडांच्या रक्षणासाठी २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यात सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या केल्या.

पेच इथे सुरू होतो. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांबी वाढली की पीळ घट्ट लागतो. आजोबांची १:१४ ची .२२-२५०, जी शिशाची ५५ ग्रेनची गोळी आयुष्यभर अचूक मारत आली, ती त्याच वजनाच्या तांब्याच्या गोळीने लांबट भोके पाडू शकते. उपाय दोनच : खूप हलकी गोळी घेणे किंवा नळी बदलणे. हलकी घेतली की वारा आड येतो. नळी बदलायची तर कारागिराच्या मजुरीसह काहीशे डॉलर. नेम चुकून जखमी प्राणी बिळात शिरण्यापेक्षा हा खर्च बरा, असे मानणारेही आहेत. शिशाच्या बंदीलाच विरोध करणारे त्याहून बोलके आहेत.

प्रेअरी डॉगची शिकार निर्विवाद नाही, हेही खरे. काळ्या पायांचा फेरेट जवळजवळ पूर्णपणे याच प्राण्यावर जगतो. तो नामशेष झाल्याचे मानले जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमधील मीटीत्सी गावाजवळ पुन्हा सापडला. त्यामुळे प्रेअरी डॉग ही एकाच्या लेखी कीड, तर दुसऱ्याच्या लेखी अन्नसाखळीतली कळीची कडी.

भारतात याचा संबंध किती?

शिकारीशी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे ती बंद आहे आणि शस्त्रे, काडतुसे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येतात. पण गोळी आणि नळी यांची जोडी जुळवण्याचा प्रश्न कोल्हापूरच्या नेमबाजालाही सुटत नाही. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ लाँग रायफल काडतूस वापरतात. त्याची ४० ग्रेनची आखूड, मंद गोळी १:१६ च्या सैल पिळात सुखाने जाते. त्याचा प्रायमर पुंगळीच्या काठातच असल्याने ते घरी पुन्हा भरता येत नाही. मग नेमबाज उलट वाटेने जातात. काडतूस कारखान्यांच्या चाचणी केंद्रांवर आपली नळी शिकंजात बसवून एकाच काडतुसाच्या वेगवेगळ्या उत्पादन-खेपा उडवून पाहतात आणि जी खेप सर्वांत लहान गट देते, तिचीच खोकी विकत घेतात.

हातातल्या नळीचा पीळ कसा ओळखावा?

नळीवर तो बहुधा कोरलेला असतो. जुन्या रायफलींवर नसतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट कापड लावून तो नळीत थोडा घालायचा. गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण आणि वरच्या बाजूला दुसरी खूण करायची. गज हळूहळू आत ढकलला की तो आट्यांप्रमाणे फिरतो. वरची खूण एक फेरा पूर्ण करून पुन्हा वर आली की थांबायचे आणि गज किती इंच आत गेला ते मोजायचे. कापड सैल असेल तर गज घसरतो आणि पीळ आहे त्यापेक्षा सैल भासतो, म्हणून तीनदा मोजून सर्वांत लहान आकडा धरतात. गोळ्यांची पेटी त्यानंतर घ्यायची.